मिसबाईंचं चक्र

चित्र चिकटवणाऱ्या माणसाला आमच्या मिस सरळ चोर म्हणायच्या. कॉम्प्युटरवर कुठलीही खूण हवी असली, डिग्रीचं टिंब असो, बाण असो नाहीतर बरोबरची खूण, ती टाईपच करायची, हा त्यांचा कायदा. कुणी इंटरनेटवरून छोटंसं चित्र उचलून कागदावर बसवलं की या पाठीमागे येऊन उभ्या. "हे तू लिहिलंस की कुठून ढापलंस?" आणि उत्तराची वाट न बघता मॉनिटरचं बटण बंद करायच्या. पोरगं बिचारं काळ्या पडद्याकडे बघत बसायचं.

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांच्या वरच्या माळ्यावर त्यांचा टायपिंग क्लास होता. आधी नुसते टाईपरायटर, मग कॉम्प्युटर आले. मी तिथेच शिकले, पास झाले आणि तिथेच सकाळच्या बॅचला शिकवायला लागले. म्हणजे पोरं मलाही मिस म्हणायची. पण नुसतं 'मिस' म्हटलं की त्याच. पन्नाशी उलटलेली बाई, खोताच्या वाडीतली ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती, फुलाफुलांचा फ्रॉक आणि मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ. नवरा बोटीवर असायचा, घड्याळ हिच्याकडे. क्लासात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण भडकल्या की वाडीतली घरची बोली बाहेर पडायची. "मना शिकवतेस तू? मना?" हे ऐकू आलं की शहाण्याने जिना उतरावा.

आमच्या की-बोर्डांना झगे होते. खरंच सांगते, झगे! बटणांकडे बघून टाईप करायची सवय लागू नये म्हणून मिसने प्रत्येक की-बोर्डाला कापडी पिशवी शिवली होती, तिच्यात दोन्ही हात मनगटापर्यंत घालायचे आणि समोर बघून बडवायचं. कापड खालच्या दुकानांतलं, उरलेल्या ब्लाऊजपीसचं. त्यामुळे कुणाचा की-बोर्ड मोरपंखी, कुणाचा बुट्टीचा, आणि नवीन पोराच्या वाट्याला हटकून झगमगीत जरीचा. एकदा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय?" मिस म्हणाल्या, "युनिफॉर्म."

खुणांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि ते त्या बोलण्यात वापरायच्या. आल्ट दाबून शून्य एक सात सहा मारलं की डिग्रीचं टिंब येतं, हे आम्हाला उन्हाळ्यामुळे पाठ झालं, कारण मे महिन्यात जिना चढून आल्या की रुमालाने मान पुसत म्हणायच्या, "काय ऊन गं बाई आज, शून्य एक सात सहा नुसतं!" मोरीच्या दारावर त्यांनी कागद लावला होता, 'नळ बंद करा', आणि शेवटी गोलातला सी, कॉपीराईटचा. मी विचारलं, मिस, हे कशाला? तर म्हणे, "खालच्या दुकानवाल्याने माझी पाटी जशीच्या तशी उतरवली त्याच्या मोरीवर. आता उतरव म्हणावं." उन्हाळ्यात बॉटल मसाला कांडायला क्लासला आठवडाभर सुट्टी असायची आणि त्यानंतर महिनाभर आमच्या सगळ्या प्रिंटआऊटना मिरचीचा वास यायचा.

एकदा गिरगावातला एक पोरगा आपल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका टाईप करून घेऊन आला. चर्चमधलं लग्न, म्हणून आई-वडिलांच्या नावांपुढे त्याने मोठ्या हौसेने क्रॉस टाकले होते. मिसने चष्मा वर केला. "हा क्रॉस नाही बाळा. ही कट्यार आहे. तळटीप द्यायची असली की ही मारतात. आणि माणसाच्या नावाला लावली की तो माणूस वारला म्हणून समजायचं. तुझे डॅडी कुठे आहेत आता?"

"खाली गाडी पार्क करतायत, मिस."

"तर मग त्यांना वर बोलव आणि सांग, तू त्यांना मारून लग्नाला उभं केलंयस."

पोराचा चेहरा एवढासा झाला. मग मिसनेच त्याला खऱ्या क्रॉसचा नंबर दिला, दोनदा टाईप करायला लावला, आणि पाठीत एक धपाटाही दिला. त्यांचं शिकवणं असं धपाट्यासकट असायचं.

आता पप्पांबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझे पप्पा महापालिकेत होते. आम्ही परळच्या चाळीत राहायचो, बौद्ध कुटुंब, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली माझी प्रमाणपत्रं. पप्पा सहसा कशाचाच हट्ट धरत नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्याने खातात. पण एक सल त्यांच्या मनात होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात, पत्रिकेवर धम्मचक्र छापा म्हणून आजोबा छापखान्यात गेले होते. छापखानेवाला म्हणाला, तसला ब्लॉक नाही आमच्याकडे, गणपती आहे, सगळेच लावतात, चालवून घ्या. आणि छापून मोकळा झाला. आजोबांनी मग पत्रिकेचा वरचा भाग कापून टाकला आणि त्या तशाच, डोकं कापलेल्या पत्रिका गावभर वाटल्या. लोक विचारायचे, उंदराने कुरतडली काय हो? पप्पांना ते हसणं कायम लक्षात राहिलं. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी हॉल, जेवण, कपडे सगळं आईवर सोडलं आणि एवढंच म्हणाले, "पत्रिकेवर चक्र पाहिजे. मला कुणाच्या देवाचा राग नाही. पण आपल्या दारावर आपली पाटी असावी."

पत्रिका अर्थात मिसकडे. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून क्लासात आले. "जय भीम, मिसबाई." मिसबाई हे नाव त्यांचंच.

"जय भीम, गुड आफ्टरनून, बसा."

पप्पांनी स्वतःच्या पत्रिकेची गोष्ट सांगितली. मिसने ती ऐकली आणि फणफणल्या. "ब्लॉक नाही म्हणजे? नाही तर बनवायचा!"

हिंदमातातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याने चक्राचं चित्र चिकटवून चहा संपायच्या आत पत्रिका हातात दिली असती. पण चित्र चिकटवणार ती मिस कसली? त्या काळी मराठी टाईप करायला जे फॉन्ट होते त्यांत प्रत्येक बटणामागे एक अक्षर बसवलेलं असायचं, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या बटणामागे कमळ नाहीतर ॐ असली एखादी खूण. मिसने फॉन्ट बनवायचा प्रोग्रॅम पैदा केला, कोपऱ्यातलं एक बटण मोकळं केलं आणि आठ दिवस डोळे फोडून, एकेक ठिपका सरकवत, त्याच्यामागे धम्मचक्र बसवलं. आठ आऱ्यांचं, नीट गोल, कुंचल्याने काढल्यासारखं. मग पप्पांना बोलावलं, जरीच्या झग्यात हात घातला आणि एक बटण दाबलं. पडद्यावर चक्र उमटलं. पप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"माझ्या अक्षराची गॅरंटी," मिस म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्या क्लासला मावा केक दिला.

पत्रिका छापायला गिरगावातल्या एका छापखान्यात फाईल गेली. फाईल गेली, पण फॉन्ट गेला नाही. मी म्हटलं होतं, मिस, फॉन्टची सीडी पण देऊ या का सोबत? तर म्हणाल्या, "माझी पोरं मी परक्याच्या मशीनवर पाठवत नाही." स्वतः केलेली गोष्ट कुणाला द्यायची नाही, कॉपीराईट! इथेच सगळा घोळ झाला.

छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घरी आला तो शनिवारी दुपारी. त्याच संध्याकाळच्या गाडीने काका चिपळूणला निघणार होते, गावच्या सगळ्या पत्रिका घेऊन. आमच्यात पत्रिका हातात द्यावी लागते, घरी जाऊन, पाणी पिऊन. टपालाने पाठवली तर माणूस येत नाही, वर दहा वर्षं बोलून दाखवतो. पप्पांनी सुतळी सोडली, वरची पत्रिका हातात घेतली आणि खाली बसले.

वरती, मधोमध, सोनेरी शाईत छापलं होतं ॐ.

बाकी सगळं बरोबर. नावं बरोबर, हॉल बरोबर, काना-मात्रा जागच्या जागी. फक्त चक्राच्या ठिकाणी ॐ. काका म्हणाले, "परत छापून घेऊ." छापखान्याला फोन केला तर लग्नसराई, मशीन आठवडाभर रिकामं नाही. आई म्हणाली, जाऊ दे, लोक काय पत्रिका बघून येतात? पप्पांनी पत्रिकेची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग हळूच म्हणाले, "माझ्या बापाने कात्रीने कापली. मी कशाने कापू?"

मला रडूच फुटलं. रागही आला, पण नक्की कुणाचा ते कळेना. गठ्ठा उचलला, पप्पांना उठवलं आणि टॅक्सीने हिंदमाता गाठलं.

मिसने पत्रिका बघितली. छापखान्याला फोन लावला. तो माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या फाईलने फॉन्ट मागितला, माझ्याकडे नव्हता, मी आमचा दिला. सगळी अक्षरं बरोबर लागली, मग छापलं. माझी काय चूक?" त्याची चूक नव्हतीच. फाईलमध्ये चक्र असं काही नव्हतंच मुळी. फाईलमध्ये होता फक्त बटणाचा नंबर. मिसच्या फॉन्टमध्ये त्या नंबरावर चक्र राहत होतं, त्याच्या फॉन्टमध्ये ॐ.

मिसने फोन ठेवला. मला वाटलं आता छापखानेवाल्याची काही खैर नाही. पण त्या पप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी फॉन्ट दिला नाही. माज केला." त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. क्लासातली टकटक थांबली होती, पोरांचे हात झग्यातच अडकलेले.

मग त्या भानावर आल्या. "गाडी किती वाजता?" मी सांगितलं. प्रिंटरवर चक्र काढून बघितलं, तर आमच्या त्या जुनाट प्रिंटरमधून करपलेली भाकरी बाहेर आली. मी म्हटलं, व्हाईटनर लावू, त्यावर काढू. पप्पा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "नाही. खोडायचं नाही. कुणाच्या तरी श्रद्धेची खूण आहे ती. झाकली तरी अदबीने झाकायची."

"झाकायची," मिस म्हणाल्या आणि ताडताड जिना उतरून खालच्या साडीच्या दुकानात शिरल्या. मी मागे. "शेठ, साडीच्या खोक्याला लावता ते सोनेरी गोल स्टिकर द्या."

"कितना चाहिए, मॅडम?"

"सगळे."

वर येऊन त्यांनी हुकूम सोडला. "झगे काढा!" पोरांनी की-बोर्ड बाजूला सारले, मरून रंगाची पेनं आली, आणि स्टिकर वाटले गेले. गोल तर आयताच होता, मध्ये बारीकसा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गोळा, काढायचा आणि त्याच्यापासून कडेपर्यंत आठ आरे. ज्या बाईने आयुष्यात कुणाला एक चित्र चिकटवू दिलं नाही, ती पहिल्या बाकावर बसून चित्रं काढत होती आणि चिकटवत होती.

पप्पा शेजारी बसले. म्हणाले, "मिसबाई, आठ आरे म्हणजे बुद्धाच्या मार्गाच्या आठ गोष्टी. नाव घेत काढा, चुकणार नाही." आणि सांगायला लागले. सम्यक दृष्टी. सम्यक संकल्प. सम्यक वाचा.

"वाचा माझ्याच्याने होणार नाही," मिस म्हणाल्या, "पण रेघ मारते." पोरं खुदखुदली.

सम्यक कर्मांत, सम्यक आजीविका, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी. थोड्या वेळात सगळा क्लास एका सुरात म्हणायला लागला, परीक्षेच्या पाठांतरासारखा. तो गिरगावातला कट्यारवाला पोरगाही होता, तो तर सगळ्यांत मोठ्याने. मिसची बोटं आयुष्यभर बटणांवर नाचलेली, पेन धरायची त्यांना सवय नव्हती. सात आरे कसेबसे सरळ यायचे आणि आठवा दर वेळी डावीकडे कलायचा. "ही तुमची समाधी काही जमत नाही हो मला," त्या वैतागून म्हणायच्या, आणि पप्पा हसायचे. त्या दुपारी पप्पा हसले, हे मला पत्रिकांपेक्षा मोठं वाटलं.

गाडी सुटायच्या आधी गठ्ठा काकांच्या हातात पडला. गावात म्हणे लोकांनी त्या पत्रिका जपून ठेवल्या, सोनेरी चक्र हाताने काढलंय म्हणून. लग्नात मिस जरीचा फ्रॉक घालून आल्या. कापड कुठलं ते मी बरोबर ओळखलं.

पुढे केव्हातरी सगळीकडे युनिकोड आलं, आणि एक दिवस सकाळीच मिसचा फोन. जगातल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक खुणेला स्वतःचा कायमचा नंबर दिलाय, कुठल्याही मशीनवर गेलं तरी तोच, आणि त्यात धम्मचक्रसुद्धा आहे! "दोन सहा तीन आठ! नंबर टाईप कर, आल्ट धर आणि एक्स दाब!" मला आनंद झाला, पण त्या स्वतःवरच चिडलेल्या. "अगं, आपल्या त्या घोळाच्या आधीपासून होतं ते. जगाने तुमच्या चक्राला मालकीची खोली देऊन ठेवली होती आणि मी त्याला माझ्याकडे पोटभाडेकरू म्हणून ठेवलं! मना अक्कल नव्हती!" त्या दिवसापासून त्या क्लासात शिरताना 'गुड मॉर्निंग' म्हणेनाशा झाल्या. "दोन सहा तीन आठ!" म्हणायच्या, आणि पोरांनी उत्तर द्यायचं, "आल्ट एक्स, मिस!"

पप्पांनाही तो नंबर पाठ झाला. रिटायर झाल्यावर त्यांनी स्मार्टफोन घेतला, बुद्धपौर्णिमेला चाळीच्या ग्रुपवर शुभेच्छा पाठवल्या, तर चक्र आलं जांभळ्या चौकोनात, लहान मुलांच्या स्टिकरसारखं. पप्पांनी थेट मिसबाईंना फोन लावला. त्यांनी समजावलं की नंबर तोच आहे, पण फोनला वाटतं ते खेळण्यातलं चित्र आहे. त्याच्या पाठोपाठ एक न दिसणारं अक्षर टाकायचं, मग तो साधं चक्र दाखवतो. काही फोन ऐकतात, काही बहिरे असतात. पप्पांना त्या न दिसणाऱ्या अक्षराचं फार कौतुक वाटलं. "दिसत नाही, पण दुसऱ्याला नीट उभं करतं," असं ते आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते.

क्लास आता बंद झाला. मिस खोताच्या वाडीतच असतात, नवरा गेला, घड्याळ अजून मनगटावर आहे पण सैल झालंय, आणि हात थरथरतात. आमची चाळ पडली आणि त्याच जागी टॉवर उभा राहिला. पप्पांना वरच्या मजल्यावर घर मिळालं, आणि दारावर पाटी हवी म्हणून लालबागच्या पाटीवाल्याने फाईल मागितली. मी घरीच टाईप केली. नाव, वरती दोन सहा तीन आठ, आल्ट एक्स. कुठल्याही मशीनवर जाऊ दे, हलायचं नाही, असं चक्र. पप्पांनी चष्मा लावून बघितलं. "सुंदर आहे," म्हणाले. "पण मिसबाईंकडे जाऊ या."

आम्ही वाडीत गेलो. पप्पांनी काय हवं ते सांगितलं, तशा मिस कडाडल्या. "हाताने काढलेलं? स्कॅन करून? म्हणजे चित्र चिकटवणार, आणि तेही माझ्यासमोर? नंबर आहे ना त्याला!"

"नंबर मला पाठ आहे, मिसबाई," पप्पा म्हणाले. "माझ्या लग्नाला छापखान्याकडे चक्र नव्हतं. पोरीच्या लग्नाला तुम्ही बसून काढलंत. मला दारावर तेच पाहिजे."

मिसने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "पेन दे गं. आणि बांगडी काढ हातातली, गोलाला."

गोल झाला, तुंबा झाला. पप्पा सांगत गेले, सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, आणि मिस एकेक रेघ ओढत गेल्या. सम्यक वाचेला त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. सात आरे झाले. आठवा निघाला आणि गेला डावीकडे. "श्शी! दे दुसरा कागद, परत काढते," म्हणेपर्यंत पप्पांनी कागद उचलून छातीशी धरला होता.

ती पाटी आता दारावर आहे, पितळेची. परवा समोरच्या ब्लॉकमधला नवीन तरुण लिफ्टची वाट बघत उभा होता. पाटी निरखून म्हणाला, "काका, पाटीवाल्याने फसवलं तुम्हाला. ही एक रेघ वाकडी आलीय बघा. बदलून घ्या."

पप्पांनी शर्टाच्या बाहीने पितळ पुसलं आणि म्हणाले, "ती सम्यक समाधी आहे. मिसबाईंच्या हातून तशीच येते."